पॅनलला पैसे मिळतात, शिकवणाऱ्याच्या वेळेला मिळत नाहीत

सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही बऱ्या महाविद्यालयात डोकावलात तर निदान एका वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनल दिसेल. त्यावर बहुतेकदा जुनीच पीपीटी चालू असते. यात प्राध्यापकांचा आळस कमी आणि अनुदानाची रचना जास्त जबाबदार आहे. वस्तू देणं देणाऱ्याला सोयीचं पडतं: बिल मिळतं, फोटो निघतो, बाजूला फलक लागतो. पण तंत्रज्ञान वापरून शिकवण्याचा खरा खर्च स्क्रिप्ट लिहिण्यात, चित्रीकरणात, संपादनात, प्रश्नसंच बांधण्यात आणि पुढची तीन वर्षं ते सगळं चालू ठेवण्यात होतो. अनुदानाच्या भाषेत पहिला, वस्तूंचा, खर्च अनावर्ती (एकदाच होणारा) आणि दुसरा आवर्ती (पुन्हा पुन्हा होणारा). अनावर्तीला दारं अनेक आहेत, आवर्तीला मोजकी. म्हणून "अनुदान कुठे मिळेल" यापेक्षा "माझ्या खर्चाचा कोणता तुकडा कोणाच्या शीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या ओळीत, बसतो" हा प्रश्न जास्त कामाचा.

एक नमुना घेऊन बोलू. बी.एस्सी. भाग एकच्या रसायनशास्त्राची २४ प्रात्यक्षिकं. विद्यार्थी तयारी न करता येतात, अर्धा तास सूचना सांगण्यात जातो, जत-आटपाडीकडून एसटीने येणारी मुलं उशिरा पोचली की त्यांचा तोही भाग बुडतो. उपाय असा: प्रत्येक प्रात्यक्षिकाचा दहा मिनिटांचा मराठी व्हिडिओ, सोबत मूडलवर (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर) आठ-दहा प्रश्नांची पूर्वचाचणी, आणि ती सोडवल्याशिवाय प्रयोगशाळेत प्रवेश नाही.

याला वेळ किती लागतो? दहा मिनिटांच्या एका तयार व्हिडिओला स्क्रिप्टचे तीन तास, चित्रीकरणाचे दोन, संपादनाचे चार आणि तपासणीचा एक, असे दहा तास धरून चला. २४ व्हिडिओंचे २४० तास झाले. हे तास कोण देणार याचं उत्तर प्रस्तावात नसेल तर छाननी समितीतला जाणकार सदस्य पहिलं बोट तिथेच ठेवतो. आणि ते बरोबरच आहे.

समजा प्रकल्प सहा लाखांचा आहे. कॅमेरा, दोन कॉलर माइक, दिवे, ट्रायपॉड, संपादनासाठी एक दमदार संगणक आणि यूपीएस मिळून २,४०,०००. प्रकल्प साहाय्यकाचं मानधन महिना १०,००० प्रमाणे १८ महिन्यांचं १,८०,०००. प्राध्यापकांचं प्रशिक्षण ४५,०००. सर्व्हर भाडं आणि डोमेन तीन वर्षांसाठी ६०,०००. उपशीर्षकं आणि मूल्यमापन ३५,०००. आकस्मिक ४०,०००. या सहा ओळींपैकी पहिली कुणीही देईल. उरलेल्या ३,६०,००० साठी डोकं चालवावं लागतं, आणि प्रकल्प जगणार की नाही हे त्याच रकमेवर ठरतं.

मागण्याआधी फुकट काय आहे ते वजा करा. मूडल, चित्रीकरणासाठीचं ओबीएस स्टुडिओ, व्हिडिओत प्रश्न घालण्यासाठीचं एचफाइव्हपी यांना परवाना शुल्क नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधून मुक्त सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण मराठीतही मिळतं. व्हर्च्युअल लॅब्स हा संगणकावर प्रयोग करून पाहण्याचा, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचा प्रकल्प. त्यावर जे प्रयोग आधीच आहेत ते पुन्हा बनवण्यासाठी पैसे मागणं म्हणजे प्रस्ताव नाकारण्याचं कारण आयतं देणं. केंद्राचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ स्वयम् २०१७ पासून चालू आहे, त्यावर आपल्या विषयाचा कोर्स आहे का हे पाहिल्याचा उल्लेख प्रस्तावात एका वाक्यात तरी असू द्या. फुकट साधनं पाहिली आणि तरीही मराठीतल्या सूचनांची, आपल्याच प्रयोगशाळेतल्या उपकरणांवरच्या चित्रीकरणाची उणीव उरली, एवढं लिहिलं की गरज आपोआप सिद्ध होते.

आता दारं. विद्यापीठापासून सुरुवात करू, कारण ते सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे. शिवाजी विद्यापीठाच्या अग्रणी महाविद्यालय योजनेत परिसरातल्या महाविद्यालयांचा गट मिळून कार्यशाळा घेतो. रक्कम छोटी असते, पण आपल्या नमुन्यातलं प्रशिक्षणाचं शीर्ष तिथे छान बसतं. शिवाय तीन महाविद्यालयांनी मिळून व्हिडिओ वाटून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला आठच येतात. साहाय्यकाच्या मानधनाचा काही भाग 'कमवा आणि शिका'तून भागतो. बागेत पाणी घालायला आणि ग्रंथालयात पुस्तकं लावायला विद्यार्थी चालतात, तर उपशीर्षकं टाइप करायला आणि व्हिडिओ कापायला का नाहीत? कर्मवीरांच्या या मुलखात हे कुणाला पटवून द्यावं लागू नये. फक्त कामाचे तास आणि हजेरीपट वेगळा ठेवा, लेखापरीक्षणात तोच मागतात.

केंद्राचा मोठा पैसा रूसातून (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) येत असे. ती योजना २०१३ ची. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ (काही महाविद्यालयं एकत्र करून बनलेलं) तिच्यातूनच उभं राहिलं. तिची पुढची आवृत्ती म्हणजे २०२३ मध्ये आलेली पीएम-उषा: २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटींची तरतूद, महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य हिस्सा ६०:४०, आणि महाविद्यालय बळकटीकरणाच्या घटकात कमाल पाच कोटी. अशा योजनांत महाविद्यालय थेट दिल्लीला प्रस्ताव पाठवत नाही, सगळं राज्यामार्फत जातं. त्यामुळे एका विभागाचा सहा लाखांचा प्रकल्प घेऊन इथे जाण्यात अर्थ नाही. मात्र महाविद्यालयाचा मोठा आराखडा बनत असेल तेव्हा त्यातल्या प्रशिक्षण आणि डिजिटल आशयाच्या ओळीत आपला प्रकल्प शिरवायचा. आराखडा बहुधा बांधकाम डोळ्यासमोर ठेवून तयार होतो आणि या ओळी शेवटच्या रात्री कशातरी भरल्या जातात. तयार मजकूर घेऊन बसलेल्याची ओळ तेव्हा आत जाते.

विज्ञान शाखेसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना आवर्जून पाहावी. ती पदवी स्तरावरच्या प्रात्यक्षिकांसाठीच आहे आणि उपकरणांबरोबर रसायनं, प्रशिक्षण असा आवर्ती खर्चही धरते, म्हणून आपल्या नमुन्याच्या प्रकृतीला ती सगळ्यात जवळची. पदव्युत्तर विभाग असेल तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना आहे. तिच्यात नेटवर्किंग, संगणन सुविधा आणि देखभाल ही शीर्षं असतात. देखभालीला शीर्ष असणं ही दुर्मीळ गोष्ट, ती रिकामी सोडू नका. अभियांत्रिकीवाल्यांना एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मॉडरॉब्स योजना ठाऊक असतेच, जुनाट प्रयोगशाळा बदलण्यासाठी. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीएसुद्धा एआयसीटीईच्या कक्षेत आले आहेत, तेव्हा ते अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांनी एआयसीटीईच्या जाहिराती "हे आपलं नाही" म्हणून बाजूला टाकू नयेत. पात्रतेचा परिच्छेद वाचून मग ठरवावं.

खासदार निधी वर्षाला पाच कोटींचा असतो आणि संगणक मागायला सगळे तिकडेच धावतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. या निधीतून टिकाऊ मालमत्ता मिळते. मानधन, देखभाल, वर्गणी यातलं काही बसत नाही. दुसरं म्हणजे पैसा आपल्या खात्यात येत नाही, जिल्हा प्रशासन नेमलेल्या यंत्रणेमार्फत काम करतं. त्यामुळे पत्रात "२० संगणक" एवढंच लिहिलं तर यंत्रणेला परवडतील ते २० संगणक येतात. प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वॉरंटीची वर्षं आणि जागेवर येऊन दुरुस्ती, हे तांत्रिक तपशील पत्रासोबत जोडलेले हवेत. जिल्हा वार्षिक योजनेतल्या नावीन्यपूर्ण योजनांकडेही पाहावं, पण तिथला प्रस्ताव जिल्ह्याच्या गरजेच्या भाषेत लिहावा लागतो, एका विभागाच्या नाही.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चाबद्दल, गैरसमज सगळ्यात जास्त, म्हणून इथे जरा थांबू.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी निव्वळ मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातली एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. शिक्षण हा अनुसूची सातमधला मान्य विषय आहे. आता आपल्याकडची गंमत: जिल्ह्यातले मोठे पैसेवाले म्हणून आपण पहिलं पत्र साखर कारखान्याला लिहितो आणि त्यात "आपल्या सीएसआर निधीतून" असं म्हणतो. सहकारी कारखाना १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेला असतो, कंपनी नसतो. कलम १३५ त्याला लागूच नाही. तो देणगी देऊ शकतो, पण ते संचालक मंडळाच्या आणि सभेच्या ठरावाचं काम, त्याची भाषा आणि वेळ वेगळी. खासगी कंपनी म्हणून चालणाऱ्या कारखान्याचं गणित मात्र कंपनीचंच. सहकारी बँका आणि दूध संघांनाही सहकारी कारखान्याचाच नियम.

याच कलमात कंपनीने आपल्या कामकाजाच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं म्हटलंय. म्हणजे मुंबईतल्या कंपन्यांना शंभर पत्रं टाकण्यापेक्षा ज्यांचा कारखाना आपल्या तालुक्यात आहे त्यांच्याकडे जाणं शहाणपणाचं. पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे, फलटणला कमिन्स आहे; मिरज-कुपवाड आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत कुणाकुणाचे कारखाने आहेत याची यादी अर्ध्या दिवसात होते. ज्या कंपनीच्या संचालकांच्या वार्षिक अहवालात सीएसआरचं परिशिष्ट आहे तिने आधी कशाकशाला पैसे दिले ते त्यात वाचा. गेली तीन वर्षं फक्त पाणलोटाची कामं केलेली कंपनी यंदा मूडलसाठी पैसे देईल ही आशा फोल आहे. पत्राचा काळही महत्त्वाचा. वार्षिक कृती आराखडा आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ठरतो, तेव्हा एप्रिलच्या आसपास प्रस्ताव टेबलावर हवा. दुसरी खिडकी डिसेंबर-जानेवारीची, जेव्हा काही रक्कम खर्चायची राहिलेली असते. पण तेव्हा घाईने खरेदी होईल अशीच वस्तू देतात, म्हणजे पुन्हा पॅनल. सीएसआरमध्ये बहुवर्षीय प्रकल्पाची सोय आहे: सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं. आवर्ती खर्च मागायची खरी जागा हीच. "पहिल्या वर्षी उपकरणं आणि साहाय्यक, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फक्त साहाय्यक आणि सर्व्हर" असा उतरता तक्ता दाखवला तर कंपनीलाही आपण कायमचे अडकत नाही हे दिसतं.

पण त्याआधी कागद. सीएसआर घेणाऱ्या संस्थेकडे आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांकही हवा. यात नेहमी अडणारा मुद्दा असा की महाविद्यालय ही कायद्याने वेगळी व्यक्ती नाही. पॅन संस्थेचा, नोंदणी संस्थेची, सही संस्थेच्या विश्वस्ताची. रयतसारख्या शेकडो शाखांच्या संस्थेत प्राचार्यांनी कंपनीशी बोलणी पक्की केली तरी करार मुख्य कार्यालयाच्या संमतीशिवाय होत नाही, तेव्हा ती संमती बोलणीच्या आधी मागा. छोट्या संस्थांची अडचण निराळी: धर्मादाय कार्यालयातला फेरफार अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याचा) वर्षानुवर्षं प्रलंबित, परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, दिवंगत विश्वस्तांची नावं अजून तशीच. कंपनीचा वकील ते एक पान पाहतो आणि फाइल परत येते. प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी अद्ययावत परिशिष्ट एक काढून बघा. ते जुनं असेल तर आधी फेरफाराच्या मागे लागा, बाकी सगळं थांबू शकतं.

केंद्रीय योजनांसाठी यूजीसीची २(एफ) (महाविद्यालय म्हणून मान्यता) आणि १२(बी) (केंद्रीय अनुदानाची पात्रता) मान्यता, चालू नॅक श्रेणी (गुणवत्ता मूल्यांकनाची), एआयएसएचई (उच्च शिक्षण सर्वेक्षण) क्रमांक आणि पीएफएमएसवर (सरकारी निधी वितरणाची ऑनलाइन प्रणाली) नोंदलेलं बँक खातं बहुतेक ठिकाणी विचारतात. कायम विनाअनुदानित महाविद्यालयांपैकी अनेकांकडे २(एफ) असतं पण १२(बी) नसतं. त्यांनी सीएसआर आणि विद्यापीठाकडेच लक्ष द्यावं. परदेशातूनही मार्ग आहेत. कॉमनवेल्थ ऑफ लर्निंगचं आशियातलं केंद्र, सेम्का, नवी दिल्लीत आहे आणि मुक्त शैक्षणिक साधनं, तंत्रज्ञानाधारित अध्यापन हेच त्याचं क्षेत्र. तिथून उपकरणांपेक्षा प्रशिक्षण आणि अभ्यासक्रम-निर्मितीसाठी साथ मिळण्याची अपेक्षा ठेवा. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लसमध्ये क्षमताबांधणीचे दोन-तीन वर्षांचे प्रकल्प असतात, त्यात भारतीय संस्था भागीदार म्हणून येऊ शकते, पण युरोपातलं विद्यापीठ सोबत हवं. परदेशी पैसा खात्यात येणार असेल तर एफसीआरएचा (परदेशी देणग्यांचा कायदा) प्रश्न आधी सीएकडे न्या. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो.

प्रस्तावाच्या मजकुरात दोन जागा कच्च्या राहतात. एक म्हणजे मूल्यमापन. "विद्यार्थ्यांची गुणवत्ता वाढेल" या वाक्याला किंमत नाही. पायाभूत नोंद प्रकल्प सुरू होण्याआधीच्या सत्रात घ्यायची असते: प्रात्यक्षिकाच्या सुरुवातीला दहा प्रश्नांची चाचणी, सूचनांवर गेलेली मिनिटं, प्रयोग पूर्ण न झालेल्यांची संख्या. व्हिडिओ आल्यावर हेच पुन्हा मोजायचं. एकदा व्हिडिओ सगळ्यांपर्यंत पोचले की आधीची स्थिती कुठून आणणार? म्हणून मंजुरीची वाट न बघता ही नोंद याच सत्रात घेऊन ठेवा, तिला पैसे लागत नाहीत. दुसरी जागा तांत्रिक आकडे. मूडलसाठी एका जीबी रॅमवर एकाच वेळी १० ते २० वापरकर्ते असा ढोबळ हिशेब आहे. एका वेळी ६० विद्यार्थी चाचणी देणार असतील तर तीन ते सहा जीबी, म्हणजे आठ जीबीचा सर्व्हर पुरतो. ६४ जीबीचा सर्व्हर मागणारा प्रस्ताव दुकानदाराने लिहिलाय हे लगेच ओळखू येतं. व्हिडिओ मूडलच्या सर्व्हरवर ठेवू नका. मूळ चित्रीकरण आठ एमबीपीएसने असेल तर तासाला ३.६ जीबी होतात, त्यासाठी दोन बाह्य हार्ड डिस्क घ्या, एक वापराला आणि एक कपाटात. विद्यार्थ्यांना मात्र ४८० पिक्सेलची प्रत द्या: एक एमबीपीएसने दहा मिनिटांचे ७५ एमबी, २४ व्हिडिओंचे १.८ जीबी. जिथे रेंज नाही तिथल्या मुलांना हा सगळा संच महाविद्यालयातच फोनवर भरून नेता येतो.

संगणक कक्ष मागत असाल तर यूपीएसचं गणित लिहा. १५० वॅटचे ३० संगणक म्हणजे ४,५०० वॅट, ०.८ ने भागलं की ५,६२५ व्हीए; पाव हिस्सा राखीव धरून ७.५ केव्हीए. बॅटऱ्या तीन-चार वर्षांत बदलाव्या लागतात, ती ओळ महाविद्यालयाच्या स्वतःच्या वाट्यात दाखवा. आणि कृष्णाकाठी असाल तर रॅक, यूपीएस, सर्व्हर यातलं काहीही तळमजल्यावर नको. २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरण्याइतके जुने झालेले नाहीत. वरच्या मजल्यापर्यंतच्या केबलचा खर्च अंदाजपत्रकात घाला. नंतर तो कुणी देत नाही.

दरपत्रकांबाबत एवढंच: संशोधन संस्थांना मिळणारी फक्त पाच टक्के जीएसटी भरण्याची सवलत १८ जुलै २०२२ पासून गेली, संगणकावर १८ टक्के धरा. जुन्या प्रस्तावातून उचललेला तक्ता तिथेच फसतो आणि मंजूर रक्कम खरेदीला कमी पडते.

पैसे आल्यावरची कथा प्राध्यापकांना कंटाळवाणी वाटते, पण दुसरा हप्ता अडतो तो इथेच. मंजुरीपत्राच्या तारखेआधीचं बिल चालत नाही, मुदत संपल्यानंतरचंही नाही. बिल प्राचार्यांच्या व्यक्तिगत नावाने नको, महाविद्यालयाच्या नावाने हवं. केंद्रीय निधी असेल तर खरेदी जेमवरून (सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल). वस्तू तिथे नसेल तर नसल्याचा जेमचाच अहवाल काढून फाइलला लावा. प्रत्येक बिलावर डेडस्टॉक रजिस्टरचा (टिकाऊ वस्तूंची नोंदवही) पान क्रमांक लिहा, सोबत बसवणीचा अहवाल ठेवा. उपकरणांत वाचलेले पैसे मानधनात वळवायचे असतील तर लेखी परवानगी आधी. तोंडी "चालेल हो" याला हिशेबात जागा नाही. खात्यावर मिळालेलं व्याज आपलं नसतं. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २३० सांगतो की ते भारताच्या संचित निधीत परत भरायचं. उपयोगिता प्रमाणपत्र स्वायत्त संस्थांसाठी १२-ए नमुन्यात द्यायचं, सोबत शीर्षनिहाय खर्चाचं विवरण आणि सीएच्या सहीखाली यूडीआयएन (त्या प्रमाणपत्राचा ओळख क्रमांक). सीए मे ते सप्टेंबर आयकराच्या गडबडीत असतात, तेव्हा मार्च संपताच एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कागद त्यांच्याकडे पोचवा.

व्हिडिओत दिसणाऱ्या विद्यार्थ्यांची लेखी संमती चित्रीकरणाच्या दिवशीच घ्या, कारण ती मुलं पुढच्या वर्षी सापडत नाहीत. प्राध्यापकांकडूनही व्हिडिओ खुल्या परवान्याखाली देण्याचं पत्र घेऊन ठेवा. एखाद्याची बदली कराडला झाली की त्याच्या आवाजातले आठ व्हिडिओ कुणाचे, हा वाद दुसऱ्या कुठल्याही कागदाने मिटत नाही.